एकीसाठी

चैत्र सरू लागला की अकोल्याच्या जठारपेठेत घराघरांतून कूलर खाली उतरतात. आठ-नऊ महिने माळ्यावर धूळ खात पडलेली ती पत्र्याची खोकी अंगणात येतात, जुन्या ताट्यांतलं काळपटलेलं गवत ओरबाडून काढलं जातं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, आणि पहिल्यांदा पाणी सोडून पंखा फिरवला की गल्लीभर एकच वास पसरतो, ओल्या वाळ्याचा, गंजाचा, भिजलेल्या धुळीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली दडपून राहिलेल्या मागच्या उन्हाळ्याचा. बाहेर ४५ अंशांत आभाळ पांढरं पडलेलं असतं, कडुनिंबाचं पान हलत नाही, चौकातल्या हातगाड्या पोती पांघरून निपचित पडलेल्या असतात. आणि आत, खिडक्या लावून अंधार केलेल्या खोलीत, तो ओला वारा घरघरत असतो. त्या घरघरीसमोर तोंड नेऊन ती 'आऽऽ' करायची. पंख्याची पाती तिच्या आवाजाचे तुकडे तुकडे करायची, आणि आपल्याच आवाजाचे ते थरथरते तुकडे ऐकून तिला इतकं हसू यायचं की 'आऽऽ' मध्येच मोडून पडायचं. मग पुन्हा. स्वतःचं नाव, माझं नाव, बाराखडी, तेराचा पाढा, शेजारच्या काकूंच्या मांजरीचं नाव, सगळं तिने त्या कूलरला म्हणून दाखवलं होतं.

आता कूलर नुसताच घरघरतो.

आठ वर्षांची होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आम्ही दोघं घरात जपून वापरतो, दिवे लागल्यावर, हळू आवाजात. मी तर तिला नावाने क्वचितच हाक मारली. वऱ्हाडात बाप लेकीला 'माय' म्हणतो, तसा मीही म्हणायचो. ये माय, जेव माय, पायात चप्पल घाल माय. आणि ती हे मायपण अगदी मनावर घ्यायची. ऑफिसातून आलो की कमरेवर हात ठेवून दारात उभी, "बाबा, किती उशीर करून राहिले तुम्ही!" पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे 'उशीर'मधला 'श' त्या फटीतून वाऱ्यासारखा निसटायचा. मी मुद्दाम तिला 'श'चे शब्द म्हणायला लावायचो. शेवगा, शिट्टी, शनिवार. तिला कळायचं मी असं का करतो ते, पण ती म्हणायची.

संध्याकाळी आम्ही भाजी आणायला चौकात जायचो. तिने माझा हात कधी धरला नाही, एक बोट धरायची, करंगळीशेजारचं. त्या बोटाला तिच्या मुठीची सवय होती. उन्हाने दिवसभर भाजलेली डांबरी सडक अंधार पडला तरी तळपायांना चटके द्यायची, चपलेच्या रबराचा वास यायचा, आणि मग बिर्ला राम मंदिरात चपला काढून आत पाऊल टाकलं की ती फरशी. त्या गारव्यावर ती आधी एक पाय ठेवायची, मग दुसरा, मग आजूबाजूला कोणी रागावणारं नाही असं बघून पटकन खाली बसून गाल टेकवायची. देवाला नमस्कार करते आहे असं लोकांना वाटायचं. एक आजीबाई तर मला म्हणाल्या होत्या, किती भाव आहे पोरीच्या ठायी! मी मान डोलावली. आज वाटतं, त्या आजीबाईंना दिसलं ते खरंच होतं.

पण तिचे खरे दिवस भुलाबाईचे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मधला महिनाभर वऱ्हाडातल्या पोरींची संध्याकाळ त्यांची स्वतःची असते. कुंभाराकडून आणलेली भुलाबाई-भुलोजींची रंगीत मातीची जोडी पाटावर मांडायची, टिपऱ्यांवर ताल धरून गाणी म्हणायची, एका घरची संपली की दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरी शेवटी खिरापत. खिरापत नुसती मिळत नाही, ती ओळखावी लागते. झाकण लावलेला डबा घरातली बाई पोरींसमोर हलवते. गोड की तिखट? कोरडी की ओली? खळखळ वाजलं तर फुटाणे, दबकं वाजलं तर खोबऱ्याच्या फोडी, सरकल्यासारखं वाजलं तर काकडी. हुशार आया डब्यात फडकं कोंबतात. माझी बायको त्यातली.

सगळ्या पोरी ओरडून ओरडून नावं घ्यायच्या, मुरमुरे, शेंगदाणे, वाटली डाळ, सांजोरी. ही मात्र काही बोलायची नाही. डबा मागून घ्यायची, पत्र्याला कान लावायची आणि डोळे मिटायची. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं त्याला माझ्याकडे शब्द नाही. पापणीखाली बुबुळ हलायचं, ओठ किंचित उघडायचे, त्या फटीतून गुलाबी हिरडी दिसायची, आणि तिथे नवा दात आलेला नसायचा. सारी गल्ली गलका करायची आणि ती त्या गलक्यातून डब्यातलं काय ते नेमकं ऐकायची. मग डोळे उघडून एकच नाव घ्यायची. बहुतेक वेळा बरोबर. एकदा तिच्या आईने बोरकूट ठेवलं. बोरकूट वाजत नाही. तिने डबा कानाशी धरला, एकदा उजव्या, एकदा डाव्या, आणि म्हणाली, "याच्यात काही बोलूनच नाही राहिलं. म्हणजे बोरकूट."

त्यापुढची भुलाबाई तिने पाहिली नाही.

श्रावणात ताप आला. उतरला, चढला, मग उतरलाच नाही. त्या दिवसांविषयी लिहिण्यासारखं फार नाही. ज्या घरात असे दिवस येऊन गेले त्यांना ते माहीत आहेत, आणि ज्यांच्याकडे आले नाहीत त्यांना ते कधी कळू नयेत. एक रात्र तेवढी सांगतो. शेवटच्या श्रावण सोमवारी अकोल्यात झोप नसते. गांधीग्रामला पूर्णेत उतरून घागरी भरायच्या, कावड खांद्यावर घ्यायची आणि अनवाणी रात्रभर चालत येऊन जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला ते पाणी घालायचं, ही इथल्या पोरांची वारी. दरवर्षी मी तिला खांद्यावर बसवून कावड दाखवायला न्यायचो. त्या वर्षी ढोल आम्ही घरातूनच ऐकले. वारा फिरला की जवळ यायचे, पुन्हा फिरला की विरायचे. तिचा हात माझ्या हातात होता, कोरडा, तापलेला, आणि तिने तेच बोट धरलेलं होतं. डोळे न उघडता तिने विचारलं, "कावड आली का?" मी म्हटलं, येऊन राहिली माय. तिने मान वळवून कान खिडकीकडे केला. त्या डब्याला लावायची, तसाच.

पोळ्याच्या आत ती गेली.

आमच्याकडे लहान लेकरांना अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. श्रावणातली वऱ्हाडची काळी माती ज्याने हाताळली आहे त्याला ठाऊक आहे, ती सुटत नाही. फावड्याला लागते, पायाला लागते, पावलागणिक जड होत जाते. आणि मूठ उघडली तरी तळव्याला धरून राहते. ती नखांत गेली होती. मी बरेच दिवस ती काढली नाही.

घरी बसलेल्या माणसांत माझी आई होती. तिचं माहेर मूर्तिजापूरच्या बाजूचं, गाडगेबाबा जिथे मामाच्या घरी गुरं राखत वाढले त्या दापुऱ्यापासून फार लांब नाही. लहानपणी तिने बाबांना पाहिलं होतं. ती सांगायची, दिवसभर हा माणूस गाव झाडायचा, लोकांना वाटायचं कोण हा वेडा, अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, एका कानात कवडी नि दुसऱ्यात बांगडीची काच. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तोच उभा राहून बोलायला लागला की गावच्या गाव गोपालाच्या गजरात हलायचं. त्या दिवशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे अशा वेळी जे सांगतात तेच सांगितलं. "नोको रडू रे बाप्पा. गाडगेबाबाचा एकुलता एक गोविंदा गेला, त्यानं डोयात पानी नाई आनलं."

ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक बापाने कधी ना कधी ऐकलेली असते. १९२३ साल. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे. तिकडे गोविंदा गेला, पिसाळलेलं कुत्रं चावल्याचं निमित्त झालं. ऐन उमेदीतला मुलगा. बातमी कीर्तनातच आली. बाबा क्षणभर थांबले, आणि अशी कोट्यवधी माणसं येऊन गेली, त्यात एकासाठी काय रडायचं, अशा अर्थाचं काही म्हणून त्यांनी कीर्तन पुढे चालू केलं. मी ही गोष्ट शाळेत ऐकली होती, गणेशोत्सवातल्या भाषणांत ऐकली होती, आणि दर वेळी अंगावर काटा आला होता. त्या दिवशी नाही आला. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की ओठांवर गोपाला गोपाला चाललेलं असताना एका बापाला येऊन कोणीतरी सांगतं, तुझा गोविंदा गेला. देवाचंच नाव आणि पोराचंही तेच. मग त्यापुढचा गजर कुणाचा होता? रात्रभर तो माणूस मोठ्यांदा, हजारो लोकांच्या तोंडून, आपल्या लेकराला हाका मारून घेत नसेल कशावरून?

कोटींचा हिशेब मला तेव्हाही जमला नाही. कोटी माणसं गेली असतील, पण त्यातल्या कोणी बोरकुटाच्या डब्याला कान लावला नव्हता.

पुढचा उन्हाळा आला. ती माती उन्हाळ्यात फाटते. चैत्रापासून तिला भेगा पडायला लागतात, आधी नखाने ओढल्यासारख्या, मग बोटभर, आणि वैशाखात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, लहानपणी त्या भेगांत खडे टाकून ते किती खोल पडतात ते ऐकत बसायचो. त्या वर्षी मला भेगा बघवेनात. ऑफिसातून परस्पर मोर्णा नदीकाठी, तिला ठेवलं होतं तिथे जायचो, पाण्याची कॅन घेऊन, आणि तेवढ्या जागेवर पाणी ओतायचो. माती ते सूं करत प्यायची. रंग पालटायची. कडा जवळ यायच्या. तिथल्या राखणदाराने काही विचारलं नाही. पुढे पुढे तो स्वतःच बादली भरून ठेवायला लागला.

त्याच दिवसांत ऑफिसातल्या एका मित्राने मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक पत्र वाचायला दिलं. काही न बोलता टेबलावर पुस्तक उघडं ठेवून गेला. १९२६ मध्ये बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्याआधी रमेश, गंगाधर, इंदू गेलेली. घरात एकटा यशवंत उरला. मित्र दत्तोबा पवारांना लिहिलेल्या त्या पत्रात बाबासाहेब कसलाच आव आणत नाहीत. चार लेकरं पुरली हे सरळ लिहितात, राजरत्नासारखं पोर आपण क्वचितच पाहिलं असं लिहितात, आणि त्याच्या जाण्याने आयुष्याची बाग कशी तणाने भरून गेली तेही लिहितात. घटना, कायदा, अर्थशास्त्र यांवर हजारो पानं लिहिणारा तो हात त्या पानावर एका बापाचा हात आहे. मी ते पत्र ऑफिसातच वाचलं. मग उठून रेकॉर्ड रूममध्ये गेलो, दार लोटलं, आणि मोठ्याने रडलो.

राजरत्न गेला त्या पावसाळ्यानंतरच्या मार्चमध्ये, १९२७ साली, बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. ओंजळ भरून पाणी उचलतानाचं त्यांचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इतिहास त्या पाण्याकडे बघतो, आणि त्याने तिकडेच बघावं. मला मात्र तेव्हापासून ते हात दिसतात. थोड्या महिन्यांपूर्वी त्याच हातांना माती लागलेली होती.

आईने तिचं ते सांत्वन पुन्हा कधी केलं नाही. खूप वर्षांनी, ती थकल्यावर, अंगणात बाजेवर पडलेली असताना मीच विषय काढला. म्हटलं, आई, गाडगेबाबाचं सांगितलं होतंस. ती बराच वेळ कडुनिंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाप तसा बोलला, थे सगळ्याईनं लिहून ठेवलं. मायचं कोनी नाई लिहिलं."

गोविंदाची आई कुंताबाई. नवरा १९०५ मध्ये घरदार सोडून निघून गेला, तेव्हापासून त्या लेकरांना घेऊन राहिल्या. पूर्णेकाठी ऋणमोचनला, जिथे बाबांनी घाट बांधायला घेतला, तिथे त्या झोपडी करून राहत असं आई सांगायची. खारेपाटणच्या कीर्तनात हजार डोळे होते. त्या सगळ्या डोळ्यांनी एका पुरुषाचे कोरडे डोळे पाहिले आणि पुढच्या पिढ्यांना सांगितले. झोपडीतल्या चुलीशी बसलेल्या बाईकडे कोण बघणार? तिने काय केलं असेल? पोराचं अंथरूण कधी गुंडाळलं, त्याच्या वाटचं पीठ परातीत किती दिवस पडत राहिलं, नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा त्याचा सदरा धुतला की तसाच ठेवला? माझ्या बायकोने तो फ्रॉक धुतला नाही.

आणि मग माझ्या ध्यानात आलं की ऋणमोचनची पूर्णा ती हीच. तिथून वाहत वाहत खाली गांधीग्रामला येते, पोरं तिच्यात घागरी बुडवतात, आणि ते पाणी खांद्यावरून अकोल्यात येतं. ज्या पाण्याच्या वाटेकडे माझी लेक कान लावून पडली होती, ते एका मायच्या दारावरून आलेलं होतं.

गाडगेबाबांवर माझा राग नाही. राग धरावा असा तो माणूसच नव्हे. ज्याने स्वतःसाठी एक धड वस्त्र घेतलं नाही आणि पंढरपूरपासून मूर्तिजापूरपर्यंत दुसऱ्यांच्या लेकरांसाठी छपरं उभी केली, त्याने आपल्या लेकराचं दुःख कुठे ठेवलं हे विचारणारा मी कोण. आमच्या विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव मिळालं. तिच्या वर्गातल्या पोरी पदवीधर झाल्या तेव्हा पेढे घेऊन आल्या, आणि एकीने हौसेने पदवीचा कागद दाखवला. त्यावर वर संत गाडगेबाबा हे नाव होतं. मी त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. बिचारी पोर गोंधळली. म्हणाली, "काका, स्पेलिंग चुकलं का?"

आईने जाता जाता आणखी एक सांगितलं होतं, ते मी कोणत्याच भाषणात ऐकलं नाही. १९५६ चा डिसेंबर. ६ तारखेला बाबासाहेब गेले. गाडगेबाबा तेव्हा आजारीच होते. बातमी कळली आणि तो म्हातारा लहान मुलासारखा रडला, औषधपाणी नको म्हणू लागला, असं तिच्या माहेरी तेव्हा घरोघर बोलत होते. १४ दिवसांनी, २० तारखेला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचे प्राण गेले. एकासाठी काय रडायचं म्हणणारा बाप शेवटी एकासाठीच रडला, आणि ज्याच्यासाठी रडला तोही चार लेकरं मातीत ठेवून आलेला बापच होता. हे ऐकलं त्या रात्री मला किती तरी वर्षांनी गाढ झोप लागली.

आता जठारपेठेत पूर्वीची घरं फार राहिली नाहीत. कौलं गेली, अंगणं गेली, तिथे तीन तीन मजले आणि खाली दवाखाने, औषधांची दुकानं. भुलाबाईचा महिना येतो. एखाद्या अपार्टमेंटमधल्या हौशी बाया पोरींना गोळा करतात, मोबाईलवर गाणी लावून देतात, पोरी टिपऱ्या धरायला शिकतात. माझी बायको त्या महिन्यात रोज काहीतरी करते. तिने ते कधी सोडलं नाही. पहिल्या वर्षी गल्लीतल्या पोरी आमचं दार चुकवून पुढे गेल्या, कोणी तरी मोठ्यांनी सांगितलं असेल, दुसऱ्या वर्षी हीच फाटकात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरची खिरापत कोण ओळखंल वं?"

आज ती असती तर चाळिशीला टेकली असती. केसांत एखादा पांढरा असता. कोजागिरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचं मखर गच्चीत उभं करतो आम्ही, दोघंच, दूध आटत असतं, आणि बोलता बोलता आमचं भांडण होतं. दर वर्षी होतं. बायको म्हणते, शेवटच्या भुलाबाईला तिने पिवळा फ्रॉक घातला होता. मी म्हणतो, पिवळा त्याच्या आदल्या वर्षीचा, तो हिरवा. ती म्हणते, सांजोरी तिला गोड लागायची. मी म्हणतो, तू केलेली, आईने केलेली तिखटच लागायची. मग दात येतो. ती म्हणते, पडलेला दात उजवा होता. उजवा नव्हता. शेणाच्या गोळीत घालून तो मीच मागच्या कौलांवर फेकला होता, ती माझ्या कडेवर होती आणि तिने तोंड उघडून मला दाखवलं होतं. डावा होता.